मेंढरांमागं दिलेली कुत्री

कुत्रीवर जळणारी बाई कुणी पाहिली नसेल तर मी आहे. सात-आठ महिने मी एका कुत्रीचा हेवा करत होते, आणि तोही थोडाथोडका नाही, चांगला मन लावून. सकाळी उठल्यावर पहिला राग तिचा यायचा आणि आडवं होताना शेवटचा. मधल्या वेळात ब्लाउजं शिवायची, स्वयंपाक करायचा, लोकांशी नीट बोलायचं. आमचं घर चौसाळ्यात, हमरस्त्यापासून आत तिसऱ्या गल्लीत. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आणि दारात ती. म्हणजे राग करायला फार लांब जावं लागायचं नाही.

तिला आणलं आमच्या ह्यांनी. हे तेव्हा गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाची वाहनं काट्यावर चढायची, हे वजन बघून पावती फाडायचे. तिथं सरकीच्या पोत्यांमागं एक कुत्री व्याली. तिच्या पिलांतलं हे एक, अंगानं पांढरट आणि एका कानाला तांबूस डाग असलेलं, ह्यांनी शर्टात घालून घरी आणलं. मी म्हणाले, "हे कावून आणलं?" तर म्हणाले, "दाराला राखण व्हईल." आमच्या दारात राखण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. पण तेव्हा पगार येत होता, लेक शिकायला लातूरला गेली होती, घर खायला उठायचं. मीही मग ठेवून घेतलं. तिचं नावसुद्धा आम्ही ठेवलं नाही. हे तिला नुसतं "गं" म्हणायचे. "काय गं", "ये गं", "बस गं हितं". मला मात्र बावीस वर्षं "अय".

मग एका हंगामाला जिनिंग उघडलीच नाही. मालकानं आज उघडतो, उद्या उघडतो करत पोळा घालवला, दसरा घालवला आणि शेवटी यंत्रं विकून टाकली. ह्यांचं वय अठ्ठेचाळीस. या वयाच्या माणसाला नव्यानं कोण कामावर घेतं? बीडला तीन-चार ठिकाणी जाऊन आले, सगळीकडून "कळवतो" ऐकून आले. कुणी कळवलं नाही. सुरुवातीला रोज दाढी करून, पॅंट घालून तयार व्हायचे. पुढं पुढं तेही राहिलं. दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. खुर्चीखाली ती.

घर चालवायचं आता माझ्या मशीनवर होतं, म्हणून काटछाटही मीच सुरू केली. आधी टीव्हीचा रिचार्ज बंद. थंडी पडली तसा फ्रिज बंद. त्यात मी दोऱ्याची रिळं आणि अस्तराचे तुकडे ठेवायला लागले. अंघोळीचं पाणी मागच्या अंगणात चुलीवर, कापसाच्या पऱ्हाट्या जाळून. बाजाराला सकाळी जायचं नाही, दिवस कलल्यावर जायचं. बाजार उठायला आला की भाजीवाले उरलेले वाटे स्वस्तात सोडतात. तूरडाळ आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस हुलग्याचे शेंगोळे, नाहीतर भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. बीडला जायचं झालं तर तीन कामं साठवून एका खेपेत. केसांचा डाय बंद करून मेंदीवर आले, मग मेंदीही बंद केली. चहा माझा कोरा झाला. कोरा चहा पोटाला लई चांगला, असं मी गिऱ्हाईक बायकांना सांगायला लागले आणि त्यातल्या दोघींनी ते खरं मानून घरी सुरूही केला.

कुत्रीचं तर मी त्याच्याही आधी कापलं. पगार होता तेव्हा हे बीडहून तिच्यासाठी पुड्यातलं खाणं आणायचे, अंगाला लावायचा वेगळा साबण आणायचे. तो साबण माझ्या साबणापेक्षा वासाला बरा होता. ते सगळं बंद. चिकनवाले चाचा जुन्या ओळखीवर कोंबड्यांचे पाय आणि माना तशाच द्यायचे, फुकट होतं तोवर मी गप्प होते. मग ह्यांनाच लाज वाटायला लागली. "नोकरी असताना फुकट घेणं येगळं," म्हणाले आणि तिकडं जायचं सोडलं. रेबीजची लस तेवढी मी तोडली नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. बाकी दोन वेळा भाकर, ताकाचं पाणी असलं तर त्यात, नसलं तर साध्या पाण्यात कुस्करून. म्हणजे खर्च म्हणावा असा तिचा काही उरलाच नव्हता. तरी माझा राग कमी होईना, तेव्हा मला कळायला हवं होतं की राग खर्चाचा नाही.

संध्याकाळी मी शिवलेली ब्लाउजं लोकांच्या घरी पोचवून यायचे. दिवसभर मशीनवर पाय मारून पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या. गल्लीच्या तोंडाशी आले की हे दिसायचे, खुर्चीवरून वाकून तिच्या पाठीवर हात फिरवत बसलेले. "काय गं, जेवलीस का? ऊन लागलं का आज? पाणी घालू का?" मी जवळ आले की हे पाय आखडून मला आत जायला वाट द्यायचे. बस, एवढंच. मी जेवले का, मला ऊन लागलं का, हे बावीस वर्षांत त्या माणसानं कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही. विचारलं असतं तरी मी "तुमाला काय करायचंय" म्हणाले असते, हेही खरं. पण विचारायला काय जातं? मी मोरीत पाय धुताना बाहेरचं त्यांचं बोलणं ऐकत राहायचे आणि माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवल्याला किती दिवस झाले ते मोजायचे. असल्या वयात असले विचार करते म्हणून मग स्वतःचाच राग यायचा, आणि तोही शेवटी कुत्रीवरच निघायचा.

ह्यांच्या चहापुरतं दूध मी ठेवलं होतं. पुरुषमाणूस, त्यातून खचलेला, निदान चहा तरी नीट प्यावा म्हणून. एक दिवस खिडकीतून बघते तर हे बशीतला चहा तिच्या ताटलीत ओततायत. म्हणजे मी कोरा प्यायचा आणि दुधाचा कुत्रीनं. जेवणाचंही तेच. ताटात दोन भाकरी वाढल्या तर हे चतकोर मोडायचे, उरलेली उचलून दारात नेऊन तिच्यापुढं टाकायचे. विचारलं की "भूक न्हाई". दिवसभर बसून असतात, भूक कशी लागेल, असं मी मनात म्हणायचे. ह्यांचे गाल बसत चालले होते, शर्ट खांद्यावरून घरंगळायला लागला होता. मला दिसत होतं सगळं. पण हेवा एकदा डोळ्यांत गेला की दिसलेल्याचा अर्थ तोच लावतो. मला वाटायचं, जीव तिच्यावर आहे म्हणून स्वतःच्या तोंडचा घास तिला देतात. मी आजारी पडले होते तेव्हा माझ्या उशाशी कुणी चतकोर ठेवली होती का?

मग मी तिला बोलायला लागले. ह्यांना काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. नोकरी गेलेल्या माणसाला बायकोनं टोचून बोलू नये, एवढं मला कळत होतं, आणि ते मी पाळलंही. कुत्रीला बोलायला कुणाची हरकत? दोन्ही वेळा ताटली तिच्यापुढं आदळताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. शब्द ठरलेले, सूर ठरलेला. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची आणि माझं बोलून संपलं की मगच ताटलीत तोंड घालायची. शेजारच्या बायका हसायच्या. "झाली का कुत्रीची आरती?" म्हणायच्या. आतल्या खोलीत हे ताटावर बसलेले असायचे.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाल्यावर लिंबागणेशच्या बाजूला मेंढरं उतरली. दरवर्षी येतात. दिवसा मेंढरं चारायची आणि रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून बसवायची. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, धान्य मेंढरंवाल्यांना. त्यांच्यातली एक बाई बाजारच्या दिवशी माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकते. उंच, हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं, आवाज असा की गल्लीच्या टोकाला आली तरी इकडं कळतं. ती आली, मापाचं ब्लाउज दिलं आणि उंबऱ्यावर टेकली. कुत्रीकडं बघत म्हणाली, "ताई, आमचं कुत्रं लांडग्यानं नेलं. ही तुमची हितं दारात बसून कुजायली. आमाला देता का? फिरंल, खाईल, मेंढरं राखंल."

माझ्या मनात लाडू फुटले. तोंडावर काही दाखवलं नाही. "ह्यांना इचारते," म्हटलं.

संध्याकाळी विचारलं. मला वाटलं, आता भांडतील. खरं सांगायचं तर मला भांडण हवं होतं. तिच्यासाठी का होईना, ह्यांनी माझ्याशी चार वाक्यं मोठ्यानं बोलावीत असं वाटत होतं. हे खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "देऊन टाक. बसून खाणारं एक तरी तोंड कमी हुईल." मला तो टोमणा वाटला. मीही मग हट्टानं दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला.

ती बाई न्यायला आली तेव्हा मेंढीच्या लोकरीची दोरी सोबत घेऊन आली होती. जनावर देताना आपलं दावं आपल्याकडं ठेवायचं असतं, नाहीतर जनावराबरोबर घरातली बरकत जाते म्हणतात. आमच्या घरात बरकत कुठली राहिली होती, पण ह्यांनी तिच्या गळ्यातला पट्टा सोडून खिशात घातला. बाईनं फुकट न्यायचं नाही म्हणून माझ्या पदरात ओंजळभर बाजरी टाकली. कुत्री गल्लीच्या वळणापर्यंत तीनदा मागं बघत गेली. तिन्ही वेळा ती दाराकडं बघत होती. दारात मी उभी होते, पण ती ह्यांनाच शोधते आहे असं मी धरून चालले, आणि हे तर तेव्हाच आत निघून गेले होते.

मला वाटलं होतं, आता घर माझं होईल. झालं उलटंच. खुर्ची रिकामी पडायला लागली, हे आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. दुसरी भाकर तशीच दुरडीत उरायची. आता तर ती न्यायलाही कुणी नव्हतं, तरी हे खात नव्हते. तिच्या नावानं उपास धरलेत असं समजून मी आणखी जळले.

पुढच्या रविवारी हे गाडी काढून लिंबागणेशकडं गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. एका खेपेच्या पेट्रोलमध्ये त्या कुत्रीला कितीतरी दिवस खाऊ घातलं असतं. काटकसर म्हणून तिला दिली आणि काटकसरीचा पार बोऱ्या वाजला. पण मी पेट्रोलबद्दल तक्रार केली नाही, कारण परत आल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर जरा कळा दिसायची. तिथं म्हणे हे कोकरांना औषध पाजायला हात लावतात, बाटल्यांवरचं लिहिलेलं वाचून दाखवतात, वाघरीच्या मेखा ठोकतात. "लई माणसं हायत ती," म्हणाले. मी विचारलं, जेवलात का? तर सहज म्हणाले, "त्या बाईनं पिठलं केलतं. दोन भाकरी खाल्ल्या."

दोन भाकरी. माझ्या हातची चतकोर गळ्याखाली उतरत नव्हती आणि त्या बाईच्या चुलीवर दोन. त्या दिवशी माझा हेवा कुत्रीवरून उठला आणि त्या बाईवर जाऊन बसला. मशीनवर तिचंच ब्लाउज होतं. मी त्याची बाही उसवली आणि तीनदा परत लावली, आणि ते शिवताना असल्या असल्या गोष्टी मनात आणल्या की लिहायची सोय नाही. ती बाई साठीला टेकलेली, नातवंडांची आजी. पण हेव्याला वय दिसत नाही.

बाजारच्या दिवशी ती ब्लाउज न्यायला आली. नेहमीसारखी हसली नाही. बसली आणि म्हणाली, "ताई, कुत्री जेवत न्हाई. दादा आले की त्यांच्या हातून दोन घास खाती, मग आठ दिस नुस्तं पाणी. भाकर पुढं टाकली की माझ्या तोंडाकडं बघत हुबी राहती. मी म्हटलं, हिला काहीतरी ऐकायचं हाय. तुमी वाढताना काय म्हणत व्हता?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते लपवून उपयोग नाही. मला आनंद झाला. माझ्या शब्दांशिवाय तिला घास जात नव्हता. जिच्या पाठीवरून ह्यांचा हात फिरायचा, ती शेवटी माझ्या तोंडाची वाट बघत उपाशी उभी होती. आणि त्या बाईच्या चुलीवरचं पिठलं कितीही चवदार असो, ही एक गोष्ट तिच्याकडं नव्हती. ती माझ्याकडं होती, आणि मी ती देणार नव्हते.

"मी कुठं काय म्हणत व्हते?" मी म्हणाले. "नुस्ती भाकर टाकायची मी."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाली, "शुक्रवारी आमी हालणार. नारायणगडावरून तसंच पुढं गेवराईच्या अंगाला. चालणं लई हाय. पोटात काही नसलं तर वाटंत पडंल ती. तुमी परत घेता का?"

"परत नको," माझ्या तोंडून निघून गेलं. परत आली की पुन्हा ती खुर्ची, पुन्हा तो हात. तिला दुसऱ्याच्या हातून जेवू द्यायची माझी तयारी नव्हती आणि आपल्या दारात जेवू घालायचीही नव्हती. बाई ब्लाउज काखेत मारून गेली.

दोन दिवस मी फार वाईट काढले. बुधवारी भाकर थापताना ती समोर दिसायला लागली, ताटलीपुढं उभी, तोंड वर केलेली. कुत्र्याला कसला हेवा कळतो? तिला वाटत असणार, आज वाढणाऱ्या बाईनं अजून सांगितलं नाही, खायची वेळ झाली नसेल. आणि वेळ होण्याची वाट बघत ती एखाद्या बांधाला पडून मरणार, केवळ मी चार वाक्यं दाबून ठेवली म्हणून. गुरुवारी दुपारी मशीनवर कापड घातलं नि सुई तशीच उभी ठेवून उठले. ह्यांना म्हणाले, "गाडी काढा. मला यायचंय तिकडं." ह्यांनी गाडी बाहेर काढली.

रानात गेलो तेव्हा मेंढरं चरायला गेली होती. वाघरीत चार-दोन लंगडी मेंढरं आणि डालग्याखाली झाकलेली कोकरं. बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. आम्हाला घोंगडीवर बसवलं, न विचारता दोघांपुढं जर्मनची ताटं ठेवली, पिठलं वाढलं. मागच्या बाजूनं कुत्री आली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ह्यांचा हात हुंगला, शेपूट हलवली आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. तिनं माझ्याकडं प्रेमानं पाहिलं असं मी लिहिणार नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी बाईला म्हणाले, "तिच्यापुढं भाकर टाका. मी त्या दिवशी खोटं बोलले."

बाईनं भाकर कुस्करून टाकली. कुत्री हलली नाही. मी पदर खोचला, घसा साफ केला आणि रोजच्या सुरात सुरू झाले. "गिळ एकदाची! कमवायचं न्हाई, धमवायचं न्हाई, दिवसभर दारात बसायचं आन दोन टायमाला आयतं पायजे. मी पाय मोडून घ्यायचे आन तू बसून खायचं. वर तोंड करून बघू नको. खाली मान घाल आन खा!"

कुत्रीनं खाली मान घातली आणि खायला लागली. अधाशासारखी खात होती, भाकर घशात अडकून ठसका लागला तरी थांबेना. बाई टाळी वाजवून हसली. "आगं बया! एवढंच व्हय? थांबा, मला म्हणू द्या." दुसरी भाकर तिनं कुस्करली आणि म्हणू लागली, पण तिचा सूर फार मऊ होता, नातवाला भरवल्यासारखा. कुत्री वर बघत राहिली. मी म्हणाले, "असं न्हाई. 'बसून'वर जोर द्यायचा. 'तू बसून खायचं.' जरा तोडून." बाईनं पुन्हा म्हटलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. "आन 'आयतं' म्हणताना तोंड वाकडं करायचं." तिसऱ्या खेपेला तिला अगदी माझ्यासारखं जमलं. कुत्रीनं खाली मान घातली आणि त्या बाईच्या हातची भाकर खाल्ली. माझ्या शिव्यासुद्धा आता त्या बाईच्या झाल्या होत्या.

ह्यांना दाखवावं म्हणून मी मागं वळले. ह्यांच्या ताटात मोडलेली भाकर होती. हातातला घास ह्यांनी परत ताटात ठेवला होता, बोटं पिठल्यानं माखलेली तशीच होती आणि मान खाली होती.

माझ्या सासूबाई मला आयुष्यात कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हशीला बोलायच्या. मी उशिरा उठले की म्हशीला म्हणायच्या, "ऊन आलं डोक्यावर, उठ गं आता महाराणी." मी माहेरी जास्त राहून आले की म्हशीला म्हणायच्या, "खाल्लं एकीकडं आन दूध दुसरीकडं." मी त्यातला शब्द न् शब्द माझा म्हणून घ्यायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. लेकी बोले सुने लागे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात बोलायची रीतच ती, आणि हे त्याच घरात वाढलेले. आणि मी दोन्ही वेळा, आतल्या खोलीत ह्यांच्यापुढं ताट असताना, दारात उभी राहून मोठ्यानं ते सगळं म्हणत होते. चतकोर खाऊन बाकीची भाकर हे कुत्रीला का नेऊन टाकत होते, तिथं रानात उभं राहून मला कळलं.

बाईला काही कळलं नाही. ती कुत्रीच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "आता चालंल कुठंबी. उद्या पहाटं निघतो." तिनं आम्हाला चहा पाजला, मेंढीचं दूध घालून. मी दुधाचा चहा किती महिन्यांनी प्यायले, पण चव लागली नाही.

परत येताना हे गाडी हळू चालवत होते. मी मागं बसले होते. चौसाळा यायच्या अलीकडं ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, आणि मागं न बघता विचारलं, "तू ते तिलाच म्हणत व्हतीस ना?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. आणि बहुतेक दिवस ते खरंही होतं. पण काही दिवस असे होते की शिवून शिवून पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या, आत ह्यांच्या ताटात मीच वाढलेली भाकर असायची, आणि ताटली कुत्रीपुढं टाकताना माझं तोंड दाराकडं नसायचं, आतल्या खोलीकडं असायचं. ते दिवस मला आठवत होते. माझा चेहरा ह्यांना दिसत नव्हता, तरी माझ्याच्यानं लगेच हो म्हणवलं नाही. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी सुरू केली.